आर्केड गेम कॅबिनेटचा जीर्णोद्धार

आर्केड गेम कॅबिनेटचा जीर्णोद्धार म्हणजे नाणे टाकून खेळल्या जाणाऱ्या जुन्या व्हिडिओ गेम यंत्राची लाकडी पेटी, चित्रकाम, पडदा, वीजपुरवठा, परिपथ फलक आणि नियंत्रणे दुरुस्त करून ते यंत्र शक्य तितके मूळ रूपात व चालू स्थितीत आणण्याची प्रक्रिया होय. हे काम प्रामुख्याने १९७१ ते १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तयार झालेल्या यंत्रांवर केले जाते. त्यात सुतारकाम, रंगकाम, छपाई, दूरचित्रवाणी दुरुस्ती आणि अंकीय इलेक्ट्रॉनिकी अशा परस्परांपासून दूर असलेल्या कौशल्यांची गरज पडते. खाजगी संग्राहक, आर्केड चालवणारे व्यावसायिक आणि संग्रहालये हे तिन्ही वर्ग असे काम करतात. मात्र 'मूळ रूप' कशाला म्हणावे याविषयी त्यांच्यात एकमत नाही.

## पार्श्वभूमी

व्यापारी तत्त्वावर विकले गेलेले पहिले आर्केड व्हिडिओ गेम यंत्र 'कॉम्प्युटर स्पेस' हे १९७१ मध्ये अमेरिकेत नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी विकसित केले. त्याची पेटी फायबरग्लासची व वक्राकार होती. पुढच्याच वर्षी अटारी कंपनीचे 'पाँग' आले. ॲलन अल्कॉर्न यांनी रचलेल्या पाँगच्या पहिल्या नमुन्यात साधा कृष्णधवल दूरचित्रवाणी संच बसवलेला होता. कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथील एका मद्यालयात ठेवलेला हा नमुना काही दिवसांतच बंद पडला. अल्कॉर्न दुरुस्तीसाठी गेले, तेव्हा यंत्रात कोणताही बिघाड नसून नाण्यांचा डबा काठोकाठ भरल्याने ते अडकले असल्याचे त्यांना आढळले.

ताइतो कंपनीचे 'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८), अटारीचे 'ॲस्टेरॉइड्स' (१९७९), नामकोचे 'पॅक-मॅन' (१९८०) आणि निन्टेन्डोचे 'डाँकी काँग' (१९८१) या खेळांच्या काळाला आर्केडचा सुवर्णकाळ मानले जाते. ही यंत्रे काही वर्षे पैसे मिळवून देतील एवढ्याच अपेक्षेने बनवली जात. त्यामुळे पेट्यांसाठी अनेकदा स्वस्त पार्टिकल बोर्ड वापरले गेले. खेळाची लोकप्रियता ओसरली की व्यवसायचालक त्याच पेटीत दुसरा खेळ बसवत, बाजूंवरील चित्रांवर काळा रंग फासत, किंवा यंत्र गोदामात टाकून देत. आज जीर्णोद्धारासाठी येणारी बहुतेक यंत्रे अशाच गोदामांतून, गॅरेजांतून आणि बंद पडलेल्या करमणूक केंद्रांतून मिळालेली असतात. वेल्समध्ये किनाऱ्याला लावून ठेवलेल्या 'ड्यूक ऑफ लँकेस्टर' या जुन्या जहाजावर अनेक वर्षे पडून राहिलेली आर्केड यंत्रे ब्रिटिश संग्राहकांनी २०१० च्या दशकाच्या आरंभी बाहेर काढली. हे त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे.

## कॅबिनेटची रचना

उभ्या कॅबिनेटचे पुढील मुख्य भाग असतात:

- पेटी: साधारण पाऊण इंच जाडीच्या प्लायवुड किंवा पार्टिकल बोर्डच्या फळ्यांची. कडांवर इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचा छेद असलेली प्लास्टिकची पट्टी खाचेत ठोकून बसवलेली असते. तिला टी-मोल्डिंग म्हणतात.
- शीर्षफलक (मार्की): खेळाचे नाव असलेली काच किंवा ॲक्रिलिकची पाटी. तिच्यामागे ट्यूबलाइट असते.
- पडदा: कॅथोड किरण नळीवर आधारित मॉनिटर. त्याच्याभोवती छापील चौकट (बेझल) असते.
- नियंत्रण फलक: जॉयस्टिक, बटणे, फिरता गोळा किंवा फिरकी.
- नाणेदार: नाणे ओळखणारी यंत्रणा आणि नाण्यांचा डबा असलेले लोखंडी दार.
- अंतर्भाग: रोहित्र, वीजपुरवठा, तारांचा जोड-संच आणि मुख्य परिपथ फलक.

१९८५ मध्ये जपानमधील उत्पादक संघटनेने 'जामा' हे ५६ टोकांच्या जोडणीचे मानक प्रचारात आणले. त्यानंतरच्या बहुतेक यंत्रांत एक फलक काढून दुसरा सहज बसवता येऊ लागला. त्यापूर्वीच्या यंत्रांत मात्र प्रत्येक कंपनीची, आणि पुष्कळदा प्रत्येक खेळाची, जोडणी वेगळी होती. म्हणून जुन्या यंत्रातील मूळ तारसंच कापलेला असेल, तर काम लक्षणीय अवघड होते.

## हानीचे प्रमुख प्रकार

ओलावा हा पेटीचा सर्वांत मोठा शत्रू आहे. गोदामाच्या ओल्या फरशीवर उभ्या राहिलेल्या पेटीचा तळ पाणी शोषतो. पार्टिकल बोर्ड हा लाकडाचा भुसा व गोंद दाबून बनवलेला असल्याने तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि तो पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. धातूच्या भागांना गंज चढतो. उंदीर तारांचे आवरण कुरतडतात आणि त्यांच्या मूत्राने फलकावरील तांब्याच्या वाटा खाल्ल्या जातात.

दुसरा धोका जुन्या बॅटऱ्यांचा आहे. काही फलकांवर उच्चांक किंवा यंत्राची मांडणी लक्षात ठेवण्यासाठी बॅटरी बसवलेली असे. उदाहरणार्थ, विल्यम्स कंपनीच्या 'डिफेंडर'मध्ये साधे पेन्सिल सेल वापरलेले आहेत. हे सेल गळू लागले की त्यातील अल्कली फलकावर पसरते व तांबे गंजवते. अशा जागी सौम्य व्हिनेगरने अल्कलीचे उदासिनीकरण करून नंतर फलक शुद्ध पाण्याने व आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला जातो.

तिसरा प्रकार मानवी हस्तक्षेपाचा आहे. घाईने केलेल्या दुरुस्त्या, फ्यूजच्या जागी गुंडाळलेली तार, नव्या बटणांसाठी पाडलेली भोके आणि फोडलेले नाणेदार हे जवळजवळ प्रत्येक यंत्रात आढळतात.

## प्रक्रिया

### पाहणी व नोंद

मिळालेले यंत्र लगेच विजेला जोडणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत महागात पडणारी चूक मानली जाते. वीजपुरवठा सदोष असल्यास फलकावर वाजवीपेक्षा अधिक व्होल्ट जातात आणि तोपर्यंत शाबूत असलेले भाग जळतात. म्हणून आधी सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतात, अनुक्रमांकाची पट्टी व कारखान्याचे शिक्के नोंदवतात, आणि प्रत्येक जोडणीला खूण करूनच ती सोडवतात. पेटीच्या तळाशी पडलेला कचराही तपासला जातो. नाण्यांच्या डब्याची किल्ली, सुटलेले स्क्रू आणि मूळ माहितीपुस्तिका तेथे सापडू शकते.

### लाकूडकाम

तळ थोडाच फुगलेला असल्यास सुटलेल्या पापुद्र्यांमध्ये पातळ इपॉक्सी किंवा लाकडी गोंद भरून फळी शिकंज्यात घट्ट आवळून ठेवतात. कोपरा तुटला असल्यास लाकडी साचा बांधून तेथे मोटारगाड्यांच्या कामात वापरली जाणारी दोन घटकांची लांबी भरतात, आणि ती घट्ट झाल्यावर घासून आकार देतात. हानी अधिक असेल तर सडलेला भाग सरळ रेषेत कापून त्या जागी त्याच जाडीचे प्लायवुड जोडले जाते. नव्या तुकड्याच्या कडेला टी-मोल्डिंगसाठी पुन्हा खाच पाडावी लागते. ही खाच फळीच्या बरोबर मध्यावर आली नाही, तर पट्टी एका बाजूने उचललेली दिसते.

संपूर्ण बाजूची फळी बदलण्याचा निर्णय शेवटचा असतो, कारण त्या फळीबरोबर तिच्यावरील मूळ चित्रही जाते.

### चित्रकाम

बाजूंवरील चित्रे तीन प्रकारे केलेली असत: साच्यातून फवारलेला रंग, रेशीम पडद्याची छपाई (स्क्रीन प्रिंटिंग) आणि चिकटवलेले व्हिनाइल. अमेरिकेत बॅली मिडवे कंपनीने बनवलेल्या पॅक-मॅनच्या पिवळ्या पेटीवरील चित्र पहिल्या प्रकारचे आहे. त्याची पुनर्निर्मिती करताना प्रत्येक रंगासाठी वेगळा साचा लावून एकावर एक थर फवारले जातात.

व्यवसायचालकांनी मूळ चित्रावर फासलेला काळा रंग काही वेळा उपकारकच ठरतो. त्याखाली चित्र सूर्यप्रकाश व ओरखड्यांपासून सुरक्षित राहिलेले असते. वरचा थर काढण्यासाठी आधी एका कोपऱ्यात, कमीत कमी तीव्र द्रावण वापरून चाचणी घेतात. चित्र वाचवणे अशक्य असेल, तर ते घासून टाकण्यापूर्वी त्याची बाह्यरेखा पारदर्शक कागदावर उतरवून घेतात व रंगांचे नमुने जुळवून ठेवतात. आज बाजारात मिळणारी अनेक पुनर्मुद्रित चित्रे अशाच उतरवून घेतलेल्या रेखाटनांवरून तयार झालेली आहेत.

### वीजपुरवठा

अमेरिकी यंत्रे ११० ते १२० व्होल्टच्या विजेसाठी बनवलेली आहेत. भारतासारख्या २३० व्होल्टच्या देशात ती चालवण्यासाठी योग्य क्षमतेचे अवरोही रोहित्र लागते. काही यंत्रांच्या रोहित्रात जोडणी बदलून व्होल्ट निवडण्याची सोय असते. पहिल्या चाचणीच्या वेळी रोहित्राच्या मार्गात एकसरीत साधा तंतूचा दिवा जोडतात. कोठे लघुपरिपथ असेल तर दिवा पूर्ण तेजाने पेटतो आणि यंत्र वाचते. भारतीय रेडिओ व दूरचित्रवाणी दुरुस्तीकारांच्या टेबलावरील 'सिरीज बोर्ड' याच तत्त्वावर चालतो.

त्या काळातील तर्कपरिपथांना +५ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो साधारण ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या दरम्यान राहावा लागतो. ध्वनिवर्धकासाठी +१२ व्होल्ट व काही स्मृतिचिपांसाठी −५ व्होल्ट लागतात. जुने विद्युत्‌विघटनी धारित्र वाळल्यामुळे पुरवठ्यात लहरी येतात. त्यामुळे खेळ मध्येच पुन्हा सुरू होतो, किंवा ध्वनीत गुणगुण ऐकू येते. पॅक-मॅनमध्ये रोहित्राकडून येणारा प्रत्यावर्ती प्रवाह थेट मुख्य फलकावर जातो व तेथेच त्याचे एकदिशीकरण होते. परिणामी फलकाच्या कडेची जोडणी तापून काळी पडते. या यंत्रातील हा एक ठरलेला दोष आहे. जळालेले जोडणीचे घर बदलून कडेवरील तांब्याच्या पट्ट्या स्वच्छ केल्याशिवाय इतर दुरुस्त्यांना अर्थ उरत नाही.

### पडदा

कॅथोड किरण नळी हा संपूर्ण यंत्रातील सर्वांत धोकादायक आणि आता सर्वांत दुर्मिळ भाग आहे. १९ इंची रंगीत नळीच्या ॲनोडवर २० हजार व्होल्टच्या आसपास विभव असतो आणि वीज बंद केल्यानंतरही नळी हा भार धरून ठेवू शकते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी यंत्राची वायर भिंतीतून काढून, मॉनिटरच्या लोखंडी चौकटीला जोडलेल्या विद्युतरोधक मुठीच्या साधनाने ॲनोडचा भार उतरवला जातो. काचेच्या अंगी भार पुन्हा अंशतः साठण्याचा गुण असल्यामुळे ही क्रिया थोड्या वेळाने परत करतात. नळी आतून निर्वात असते. तिची बारीक मान हलक्या धक्क्यानेही तुटते आणि मान तुटलेली नळी दुरुस्त होत नाही.

त्या काळातील अनेक मॉनिटरांचा सांगाडा थेट विजेच्या एका तारेशी जोडलेला असतो. अशा मॉनिटरला विलगकारी रोहित्रातूनच वीज द्यावी लागते. हे रोहित्र टाळून केलेली जोडणी माणसाला प्राणघातक ठरू शकते.

पडद्याच्या दुरुस्तीत बहुधा सर्व विद्युत्‌विघटनी धारित्रे एकदम बदलली जातात. फिकट, थरथरणारे किंवा कडेला वळलेले चित्र एवढ्याने अनेकदा सुधारते. उच्च विभव तयार करणारे फ्लायबॅक रोहित्र आणि आडव्या विचलनाचा ट्रान्झिस्टर हे यानंतरचे नेहमीचे संशयित होत. वर्षानुवर्षे एकच चित्र राहिल्यामुळे पडद्याच्या फॉस्फरवर उमटलेला कायमचा डाग मात्र काढता येत नाही. पॅक-मॅनच्या अनेक पडद्यांवर यंत्र बंद असतानाही निळ्या चक्रव्यूहाची आकृती दिसते. असा पडदा बदलायचा असल्यास त्याच मापाच्या जुन्या दूरचित्रवाणी संचातील जुळणारी नळी काढून बसवतात.

'ॲस्टेरॉइड्स' व 'टेम्पेस्ट' (१९८१) यांसारख्या खेळांत सदिश पडदा वापरलेला आहे. त्यात इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीओळीने न फिरता थेट रेषा काढतो. विचलन परिपथ बंद पडून झोत एकाच बिंदूवर थांबला तर फॉस्फर जळतो, म्हणून अशा मॉनिटरमध्ये झोत बंद करणारा संरक्षक परिपथ असतो. या पडद्यावरील रेषांची धार व तेज सपाट आधुनिक पडद्यावर तंतोतंत आणता येत नाही.

### परिपथ फलक

पॅक-मॅनचा फलक ३.०७२ मेगाहर्ट्झ वेगाने चालणाऱ्या झेड८० प्रक्रियकावर आधारित आहे आणि त्याचा संपूर्ण कार्यक्रम १६ किलोबाइटमध्ये मावतो. फलकावरील बहुतेक चिपा त्या काळच्या सर्वसाधारण बाजारातील असल्याने त्यांना पर्याय मिळतात. दुरुस्तीचा क्रम साधारणपणे असा असतो: फलक स्वच्छ करणे, खोबण्यांतील चिपा काढून त्यांचे पाय घासून परत बसवणे, चिपेपर्यंत पोहोचणारे व्होल्ट मोजणे, घड्याळस्पंद व पुनरारंभ संकेत तपासणे, आणि त्यानंतर स्मृतीची चाचणी घेणे. अनेक खेळांत स्व-चाचणीची सोय असून ती बिघडलेल्या स्मृतीकडे निर्देश करते.

कार्यक्रम साठवणाऱ्या इपीरॉम चिपांच्या माथ्यावर काचेची खिडकी असते. अतिनील किरणांनी त्यातील मजकूर पुसला जातो, म्हणून ही खिडकी कागदी पट्टीने झाकलेली असावी लागते. चिपेतील मजकूर वाचून त्याची बेरीज-तपासणी ज्ञात प्रतीशी ताडून पाहतात. या कामी १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया यांनी सुरू केलेल्या 'मेम' या अनुकरण-प्रणालीतील नोंदी उपयोगी पडतात.

कॅपकॉम कंपनीच्या १९९३ मधील सीपीएस-२ फलकांवर वेगळेच संकट होते. नक्कल रोखण्यासाठी त्यांचा कार्यक्रम सांकेतिक स्वरूपात ठेवलेला असून त्याची किल्ली बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतीत होती. बॅटरी संपली की फलक कायमचा मुका होई; म्हणून संग्राहकांनी तिला 'आत्मघाती बॅटरी' असे नाव दिले. २००७ मध्ये या सांकेतिकीकरणाची रीत उलगडण्यात आली आणि २०१६ मध्ये मृत फलकात मूळ किल्ली पुन्हा भरण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. त्यामुळे निकामी समजून बाजूला ठेवलेले फलक पुन्हा चालू होऊ शकले.

### नियंत्रणे

१९८० च्या दशकाच्या आरंभीच्या जॉयस्टिकमध्ये एकमेकींवर टेकणाऱ्या धातूच्या पात्यांचे स्विच असत. त्यांची टोके जाड कागदाने घासून आणि पात्यांमधील अंतर जुळवून ती पूर्ववत करता येतात. पॅक-मॅनची जॉयस्टिक चारच दिशांना वळते. तिच्या जागी आठ दिशांची बसवल्यास तिरक्या हालचालींमुळे वळणे चुकतात. म्हणून दिसायला सारखा असलेला भाग प्रत्यक्ष खेळाला योग्य असेलच असे नाही.

## मूळपणाचा प्रश्न

जीर्णोद्धाराच्या दोन टोकांच्या भूमिका आहेत. एका भूमिकेनुसार यंत्र कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा जसे होते, तसे नवेकोरे दिसले पाहिजे. दुसरी भूमिका वस्तुसंग्रहालयांच्या जतनशास्त्रातून आलेली आहे: शक्य तितका कमी हस्तक्षेप करावा, केलेला बदल परत काढता यावा, आणि प्रत्येक बदलाची नोंद राहावी. सिगारेटने जळालेला नियंत्रण फलक एका दृष्टीने दोष आहे, तर दुसऱ्या दृष्टीने यंत्राच्या वापराचा पुरावा आहे.

रूपांतरित यंत्रांमुळे हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. निन्टेन्डोने अमेरिकेत आणलेली 'रडार स्कोप' खेळाची सुमारे ३,००० यंत्रे अपेक्षेप्रमाणे विकली गेली नाहीत. उरलेल्या सुमारे २,००० यंत्रांत शिगेरू मियामोतो यांनी रचलेला 'डाँकी काँग' बसवून ती १९८१ मध्ये विकण्यात आली. अशा लाल रंगाच्या पेटीला 'मूळ' रडार स्कोपकडे नेणे म्हणजे कंपनीच्या इतिहासातील निर्णायक टप्पाच पुसून टाकणे होईल. 'मिस पॅक-मॅन' (१९८२) या खेळाचा उगमही पॅक-मॅनच्या फलकाला जोडायच्या एका पूरक फलकात आहे. त्यामुळे प्रत्येक रूपांतर ही विद्रूपता ठरत नाही.

सर्वाधिक टीका होते ती दुरुस्त होण्याजोग्या यंत्राचे मूळ भाग काढून टाकून त्यात संगणक व सपाट पडदा बसवण्यावर. दुसरीकडे, नव्या कॅथोड किरण नळ्या मिळणे जवळजवळ थांबले असल्याने भविष्यात काही यंत्रांपुढे दुसरा मार्ग उरणार नाही, हेही मान्य केले जाते. अशा वेळी मूळ भाग न फेकता पेटीतच सांभाळून ठेवावेत आणि पुनर्मुद्रित भागांवर तसा स्पष्ट उल्लेख असावा, असा संकेत अनेक संग्राहक पाळतात. विक्रीच्या वेळी पुनर्निर्मित भाग मूळ म्हणून खपवणे ही फसवणूक समजली जाते.

## संग्रहालये

अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील 'द स्ट्राँग' हे खेळविषयक राष्ट्रीय संग्रहालय आणि न्यू हॅम्पशायरमधील लॅकोनिया येथील 'फनस्पॉट'मधले अमेरिकन क्लासिक आर्केड संग्रहालय येथे मोठ्या संख्येने जुनी यंत्रे जतन केलेली आहेत. जर्मनीत बर्लिन येथे आणि इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे व्हिडिओ गेमची स्वतंत्र संग्रहालये आहेत. यंत्र प्रेक्षकांना खेळू दिले तर त्याचे भाग झिजतात. खेळू दिले नाही तर ते केवळ चित्र लावलेली पेटी उरते. काही ठिकाणी त्यामुळे दुर्मिळ यंत्र काचेआड ठेवून त्याच खेळाचे दुसरे यंत्र वापरासाठी खुले केले जाते.

## हे सुद्धा पहा

- आर्केड गेम
- पॅक-मॅन
- कॅथोड किरण नळी
- मुद्रित परिपथ फलक
- वस्तुसंग्रहालय